अक्षर आणि वळण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी आपण आम्हांला या व्यासपीठावर बोलावले, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार. ज्या सभागृहात आजवर नाट्यसंगीत आणि कीर्तने रंगली, तेथे डीएनए आणि प्रथिने यांच्याविषयी बोलणे हे धाडसाचे काम आहे, याची आम्हांला जाणीव आहे. चिटणीसांनी विषय ऐकला आणि ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "सर, चहाच्या आधी संपेल ना?" संपेल, असे वचन आम्ही दिले आहे आणि ते पाळण्याचा प्रयत्न करणार आहोत.

आपण मराठी माणसे एक वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारतो : मोडेन, पण वाकणार नाही. हा बाणा रणांगणावर शोभून दिसतो. परंतु आपल्या प्रत्येकाच्या देहात असा एक धागा आहे, की जो हा बाणा धरून बसला असता तर आपला जन्मच झाला नसता. तो धागा म्हणजे डीएनए. स्वभावाने तो ताठ आहे. प्रथिने त्याला वाकवतात, आणि तो वाकतो म्हणूनच त्याच्यावर लिहिलेले वाचता येते. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच.

शीर्षक आम्ही 'अक्षर आणि वळण' असे दिले आहे. आपल्या भाषेत 'वळण' हा शब्द मोठा अर्थवाही आहे. रस्त्याला वळण असते, हस्ताक्षराला वळण असते आणि मुलांना वळण लावावे लागते. डीएनएच्या अक्षरांविषयी आपण वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाचले असेल. त्याच्या वळणाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

प्रथम या धाग्याची ओळख करून घेऊ. १९५३ साली केंब्रिज येथे जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. लंडनमधील रोझलिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांच्या क्ष-किरण चित्रांचा तिला आधार होता. पीळ दिलेली दोराची शिडी डोळ्यांसमोर आणावी. शिडीच्या दोन्ही बाजू साखर आणि फॉस्फेट यांच्या. पायऱ्या चार प्रकारच्या घटकांच्या. या घटकांना आपण ए, टी, जी आणि सी ही चार अक्षरे म्हणू. ए समोर टी आणि जी समोर सी अशी त्यांची जोडी ठरलेली. दोन पायऱ्यांमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर, नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सुमारे साडेदहा पायऱ्यांना पिळाचा एक फेरा पूर्ण होतो. या पिळामुळे धाग्याच्या अंगावर दोन खाचा पडतात, एक रुंद आणि एक अरुंद. बाहेरून येणारी प्रथिने बहुधा याच खाचांतून आतील अक्षरांना स्पर्श करतात.

आता थोडा हिशेब करू. माणसाच्या एका पेशीतील ४६ गुणसूत्रांमधला डीएनए टोकाला टोक जोडून मांडला, तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. म्हणजे उभ्या माणसाहूनही अधिक. तो ज्या केंद्रकात राहतो, त्याचा व्यास बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. एवढा धागा एवढ्या जागेत बसवायचा तर तो नऊवारी पातळाप्रमाणे मऊ असावा, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. डीएनएच्या पायऱ्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक घट्ट बसलेल्या असतात, आणि दोन्ही बाजूंच्या फॉस्फेटांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटत असतात. परिणामी सुमारे १५० पायऱ्यांच्या, म्हणजे ५० नॅनोमीटरच्या टप्प्यात हा धागा जवळजवळ सरळच राहू पाहतो. त्या मापात तो दोऱ्यापेक्षा वेताच्या छडीला अधिक जवळचा आहे.

या छडीला वाकवण्याचे काम प्रथिने करतात. ती कशी करतात हे पाहण्यापूर्वी, ती वाकवतात हे कळले कसे, ते सांगितले पाहिजे. कारण विज्ञानात निष्कर्षाइतकीच त्याच्यापर्यंत नेणारी वाटही मोलाची असते.

प्रयोगशाळेत डीएनएचे तुकडे एका विशिष्ट जेलीतून, विजेच्या ओढीने, सरकवत नेतात. जेलीत सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. लहान तुकडे त्यातून भराभर पुढे जातात, मोठे मागे राहतात. १९८२ साली डोनाल्ड क्रॉथर्स आणि पॉल एंग्लंड यांच्या गटांनी एका परोपजीवी जंतूच्या डीएनएचा तुकडा तपासला. हा जंतू पालींच्या अंगी राहणारा. आपल्याकडील काळा आजार ज्या जंतूमुळे होतो, त्याचाच हा भाऊबंद. त्याचा तुकडा आपल्या लांबीच्या मानाने फारच मंद गतीने सरकत होता. कारण असे निघाले, की त्या तुकड्यात ठरावीक अंतराने ए अक्षरांचे लहान लहान समूह होते आणि त्यांच्यामुळे तो मुळातच वक्र होता. जुन्या वाड्याच्या बोळातून सरळ बांबू नेणे सोपे असते. वाकडा बांबू पावलोपावली भिंतींना अडतो, तसेच हे.

दोन वर्षांनी, १९८४ साली, वू आणि क्रॉथर्स यांनी ही अडचण मोजमापाचे साधन म्हणून वापरली. बांबूला मध्यभागी वाक असेल तर तो बोळात सर्वांत जास्त अडेल, अगदी टोकाशी असेल तर जवळजवळ सरळ बांबूसारखाच जाईल. त्यांनी एकाच लांबीचे असे तुकडे तयार केले, की ज्यांत प्रथिनाची बसण्याची जागा कधी मध्यभागी तर कधी टोकाजवळ येत होती. मग त्यांवर प्रथिन बसवून ते जेलीतून सोडले. जागा मध्यभागी असलेला तुकडा सर्वांत मागे राहिला. प्रथिन डीएनएला नुसते चिकटत नाही, वाकवते, हे त्यावरून निश्चित झाले. जिवाणूतील जे प्रथिन त्यांनी वापरले होते, त्याचे डीएनएसह स्फटिकचित्र १९९१ साली टॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने मिळविले. त्यात डीएनए सुमारे ९० अंशांत, म्हणजे काटकोनात, वाकलेला दिसला.

याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेचा उल्लेख येथे केला नाही, तर आपल्या कर्मभूमीशी कृतघ्नपणा होईल. तेथे १९७१ साली जी. एन. रामचंद्रन यांनी रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग स्थापन केला. त्या विभागात व्ही. शशिशेखरन आणि मंजू बन्सल यांनी, अक्षरांच्या क्रमानुसार डीएनएच्या आकारात काय फरक पडतो, या प्रश्नाचा अनेक वर्षे अभ्यास केला. प्रत्येक अक्षरक्रम सारखाच वाकत नाही. काही क्रम सहज वाकतात, काही हट्टी असतात. वाकविणाऱ्या प्रथिनाला आपली जागा शोधताना या फरकाचाही उपयोग होतो.

आता प्रथिने धाग्याला वाकवतात कशी, ते पाहू. त्यांच्या पद्धती स्थूलमानाने तीन आहेत.

पहिली पद्धत विद्युतभाराची. फॉस्फेटांवर ऋण भार आहे, हे आपण पाहिले. धन भार असलेले प्रथिन धाग्याच्या एकाच अंगाला येऊन बसले, की त्या अंगाची फॉस्फेटे एकमेकांना लोटण्याचे थांबतात. दुसऱ्या अंगाची मात्र लोटतच राहतात, आणि धागा प्रथिनाकडे झुकतो. १९९४ साली स्ट्रॉस आणि मेहेर यांनी प्रथिनाशिवायच याची परीक्षा घेतली : धाग्याच्या एका अंगाचे भार रासायनिक रीतीने काढून टाकले, आणि धागा त्या अंगाला आपोआप वाकला. आपल्या पेशींत हे काम हिस्टोन नावाची प्रथिने करतात. लायसिन आणि आर्जिनिन या धन भाराच्या अमिनो आम्लांनी ती समृद्ध असतात. आठ हिस्टोनांचे एक रीळ तयार होते आणि त्याभोवती डीएनएचे सुमारे पावणेदोन वेढे बसतात. १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी या रचनेचे अनुमान मांडले, आणि १९९७ साली झुरिक येथे करोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे अत्यंत स्पष्ट स्फटिकचित्र प्रसिद्ध केले. त्यात रिळावरील डीएनएची लांबी १४६ पायऱ्यांची होती. मघाचा आकडा आपल्या लक्षात असेलच : सुमारे १५० पायऱ्यांच्या टप्प्यात जो धागा सरळ राहू पाहतो, तोच तेवढ्याच लांबीत जवळजवळ दोनदा गुंडाळला जातो. अशी लक्षावधी रिळे प्रत्येक केंद्रकात असतात. दोन मीटरचा धागा त्यात मावण्याची सुरुवात येथे होते.

दुसरी पद्धत पाचरीची. लाकूड फोडताना आपण फटीत पाचर ठोकतो. काही प्रथिने आपल्या एखाद्या अमिनो आम्लाची पाचर भाकऱ्यांच्या चवडीत घुसवतात. चवड त्या जागी उघडते आणि धाग्याला कोन पडतो. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'टाटा' अक्षरक्रमावर बसणारे प्रथिन. हे नाव आपल्या परिचयाच्या उद्योगपतींवरून पडलेले नाही. टी-ए-टी-ए या अक्षरांवरून पडले आहे. आपल्या अनेक जनुकांच्या आरंभापूर्वी पंचवीस-तीस अक्षरे अलीकडे हा क्रम असतो. १९९३ साली स्टीफन बर्ली आणि पॉल सिग्लर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे या जोडीची चित्रे प्रसिद्ध केली. प्रथिनाचा आकार हुबेहूब घोड्याच्या खोगिरासारखा. ते अरुंद खाचेच्या बाजूने डीएनएवर बसते, खोगिराच्या दोन्ही टोकांना फेनिलअलानिन या अमिनो आम्लाच्या पाचरी ठोकते, खाच रुंद करते आणि धाग्याला सुमारे ८० अंशांत वाकवते. घोड्याच्या पाठीप्रमाणे खोगीर बेततात; येथे खोगिराप्रमाणे घोड्याची पाठ वाकते! या वाकण्यामुळेच पुढच्या प्रथिनाला टाटा क्रमाच्या दोन्ही बाजूंचा डीएनए एकाच वेळी हाताशी मिळतो, आणि जनुक वाचणारी यंत्रणा तेथे उभी राहते.

तिसरी पद्धत फासाची. १९६१ साली फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी, जनुक बंद ठेवणारा एखादा रोधक असावा, असे प्रतिपादन केले होते. दुधातील साखर पचविण्याचे जनुक जिवाणूत बंद ठेवणारा असा रोधक १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी वेगळा काढला. ते एक प्रथिन निघाले. या प्रथिनाला जणू दोन हात आहेत. एका हाताने ते मुख्य जागा धरते. दुसऱ्या हाताला धरण्यासाठी आणखी दोन जागा आहेत : एक ९२ अक्षरे अलीकडे, दुसरी ४०१ अक्षरे पलीकडे. दोन्ही हातांनी पकडले, की मधल्या डीएनएचा फास होतो. म्युलर-हिल यांच्याच प्रयोगशाळेने १९९० साली दाखविले, की या दोन दूरच्या जागा काढून टाकल्या तर रोधकाची पकड पन्नास पटींहून अधिक ढिली पडते. मुख्य जागेचे एकही अक्षर बदललेले नसते. दूरचे जवळ येण्याची सोय तेवढी गेलेली असते.

येथे एखादा चिकित्सक श्रोता विचारील, की वाकणे हे खरोखर कार्य आहे की प्रथिन बसल्याचा केवळ आनुषंगिक परिणाम? हा प्रश्न हॉवर्ड नॅश यांनाही पडला होता. एक विषाणू जिवाणूच्या डीएनएमध्ये आपला डीएनए जोडतो, तेव्हा जिवाणूचेच एक प्रथिन त्याला मदत करते. हे प्रथिन धाग्याला १६० अंशांहूनही अधिक वाकवते, असे पुढे १९९६ साली स्फटिकचित्रात दिसले. घाटातील अगदी उलट्या वळणासारखे. परंतु १९८९ सालीच गुडमन आणि नॅश यांनी एक धीट प्रयोग केला. त्यांनी या प्रथिनाची एक बसण्याची जागा काढून तेथे वाकविणाऱ्या दुसऱ्याच प्रथिनाची जागा घातली. दुसऱ्या एका प्रयोगात तर तेथे मुळातच वक्र असलेला डीएनए घातला. तरीही जोडणी झाली. वाकविणारा कोण, हे महत्त्वाचे नव्हते. वळण मिळणे महत्त्वाचे होते. आमच्या मते या विषयातील हा सर्वांत निर्णायक प्रयोग आहे.

श्रोतेहो, आता चहाची वेळ जवळ आली आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, ती सांगितल्याशिवाय थांबता येत नाही.

आमच्या लहानपणी आमच्या एका काकूंना ओळीने चार मुली झाल्या. घरात कोणी त्यांना मारले नाही, उपाशी ठेवले नाही. आपण मंडळी सुसंस्कृत. परंतु चौथ्या बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी धरून उभ्या असलेल्या काकूंना ऐकू जाईल अशा बेताने वडीलधाऱ्यांपैकी कोणी म्हणाले, "हिच्या कपाळी मुलगा लिहिलेलाच नाही." काकू हसल्या आणि त्यांनी घुगऱ्या वाटल्या. ते हसू आम्ही आजवर विसरलेलो नाही. त्यानंतर कोणत्याही सणाला त्या पुढच्या रांगेत बसलेल्या आम्हांला आठवत नाहीत.

काकूंच्या कपाळी काय लिहिले होते, ते आज आपण पाहू शकतो. आईच्या प्रत्येक बीजांडात एक्स गुणसूत्रच असते. पित्याच्या शुक्रजंतूंपैकी काहींत एक्स, काहींत वाय. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचे लहानसे जनुक आहे. पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या लंडनमधील गटांनी १९९० साली ते ओळखले; १९९१ साली हेच जनुक एक्स-एक्स गुणसूत्रांच्या उंदराच्या गर्भात घातले, तेव्हा तो गर्भ नर म्हणून वाढला. या जनुकापासून २०४ अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते. ते करते काय? डीएनएच्या अरुंद खाचेत बसते, आयसोल्युसिन या अमिनो आम्लाची पाचर चवडीत घुसवते आणि धागा वाकवते. तेथून पुढे वृषणाच्या घडणीचा क्रम सुरू होतो.

क्वचित एखाद्या स्त्रीच्या पेशींत एक्स आणि वाय ही गुणसूत्रे आढळतात. अशा काही स्त्रियांमध्ये एसआरवाय प्रथिनातील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. यातील पुष्कळ बदलांनी प्रथिनाची डीएनएवरील पकडच सुटते. परंतु १९९४ साली असे दाखविण्यात आले, की एका बदलात पकड जवळजवळ शाबूत राहते आणि वाकण्याचा कोन बदलतो. २००१ साली त्याचे मोजमाप प्रसिद्ध झाले : मूळ प्रथिन धाग्याला ५४ अंशांत वाकवत होते, बदललेले ४१ अंशांत. फरक तेरा अंशांचा. केवळ या तेरा अंशांनीच सारे ठरते, असा दावा आम्ही करणार नाही. पेशीत आणखीही पुष्कळ घडामोडी चालू असतात. परंतु ज्याला आपण कपाळीचा लेख म्हणतो, तो किती नाजूक वळणांवरून वाचला जातो, हे यावरून ध्यानी यावे.

त्या चार मुलींच्या जन्मात काकूंचा काय दोष होता? आणि काकांचा तरी काय? कोणता शुक्रजंतू आधी पोहोचावा, हे कोणाच्या हाती नसते. दोष कोणाचाच नव्हता. एका अक्षराचेही ज्ञान नसताना ज्यांनी आत्मविश्वासाने लेख वाचून दाखविला, त्यांचे तेवढे चुकले. ही गोष्ट जुनी झाली, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. गर्भलिंगनिदानाच्या तंत्राला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला १९८८ साली आणि देशाला १९९४ साली कायदा करावा लागला, तो शिकलेल्या घरांसाठीही होता. आपल्या मंडळातील कोणत्याही सुनेला, कोणत्याही बारशाला, तसे हसावे लागू नये, एवढ्यासाठी आम्ही आज हे खोगीर आणि ही पाचर आपल्यापुढे मांडली. काकूंच्या चारही मुली आज नातवंडांच्या आज्या आहेत. त्यांपैकी धाकटीने आपल्या आईला अखेरपर्यंत सांभाळले.

शेवटी आपल्या मंडळाविषयी एक शब्द. पन्नास वर्षांपूर्वी जी मंडळी या शहरात आली, त्यांनी येथील भाषा शिकली, येथील सण आपले मानले, पुरणपोळीबरोबर बिसीबेळे भातही पंगतीत वाढला. ती वाकली, आणि म्हणूनच त्यांची नातवंडे आज या सभागृहात मराठी बोलत आहेत. अक्षर तेच राहिले, त्याला येथील वळण मिळाले. मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा आपण अन्यायापुढे अवश्य राखावा. माणसांपुढे मात्र वाकायला शिकावे, आणि त्यांत घरातील सुना-मुलींपुढे सर्वांत आधी.

 चिटणीसांचा चहा निवण्यापूर्वी आम्ही आपली रजा घेतो. नमस्कार.